फोरमनकाकांचं पिवळं हेल्मेट

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत कुणाचा नळ गळायला लागला की शेजारचे फोरमनकाका धावत यायचे. पण पाना घेऊन नव्हे, सूचना घेऊन. "हात प्लंबरने लावायचा, फोरमनने उभं राहायचं," हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या देखरेखीखाली आमच्या स्वयंपाकघरात दोनदा पूर आला. तरी जाताना "बधुं बराबर छे", म्हणजे सगळं ठीक आहे, असा शेरा मारूनच ते गेले.

बडोद्याबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ते कायम नोकरीत होते. कायम माणसाला पांढरं हेल्मेट आणि कँटीनचं जेवण. त्या हेल्मेटचा काकांना इतका अभिमान, की स्कूटरवरही तेच घालून फिरायचे. ट्रॅफिक पोलिसाने हटकलं तर त्यालाच सुरक्षेवर भाषण ऐकावं लागे.

मग कारखान्याने काकांसकट अर्धं खातं कमी केलं. काही महिन्यांनी काका त्याच गेटमधून पुन्हा आत गेले, पण ठेकेदाराचा माणूस म्हणून. "मशीन तेच, घाम तोच, पगार तेवढा अर्धा," असं सांगून स्वतःच खो खो हसायचे. हेल्मेट पिवळं आलं, त्यांच्यासाठी कँटीन बंद झालं आणि पन्नाशीत त्यांच्या हाती पाना आला. तळहातांना फोड आले तेव्हा काकू हळद लावत म्हणाल्या, "आता कळलं, प्लंबर का करवादायचा?" सोसायटीत आम्ही त्यांना फोरमनकाकाच म्हणत राहिलो आणि त्यांनीही कधी दुरुस्ती केली नाही.

जर्मनीतल्या धाकट्या भावाला, मिलिंदला, तर त्यांनी यातलं अक्षरही कळू दिलं नव्हतं. एका रविवारी मी त्यांच्याकडे पोहे खात बसलो असताना मिलिंदचाच व्हिडिओ कॉल आला. त्याची नोकरी गेली होती.

"दादा, सध्या सरकार पैसे देईल, नवीन काम शिकवेलसुद्धा," तो रडत म्हणाला.

"घरी बसून पैसे?"

"हो, पण लाज वाटते रे. त्यापेक्षा सगळं आवरून बडोद्याला येतो. तू फोरमन आहेस, तुझ्या कंपनीत चिकटव ना मला."

काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. खोटं टिकवावं तर भाऊ हातचं सोडून येणार, खरं सांगावं तर आयुष्यभराचा रुबाब जाणार. मला त्यांच्याकडे बघवेना. ते उठले, खुंटीवरचं पिवळं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि फोनसमोर येऊन बसले.

"मिल्या, नीट बघ. नोकरी माझीही गेली. आता ठेकेदाराकडे आहे, अर्ध्या पगारावर. तुला रडायचा तरी पगार मिळतोय, गधेड्या! गुपचूप तिथेच राहा आणि शीक."

मिलिंद राहिला, शिकला, वर्षभरात पुन्हा नोकरीला लागला. पगार आधीपेक्षा जरासाच कमी. काकांचा मात्र अर्ध्यावर आला तो अर्ध्यावरच राहिला, आणि याचा मला अजूनही राग येतो. आमचा फायदा एवढाच झाला, की पुढे नळ गळला की काका पाना घेऊन यायचे आणि स्वयंपाकघर कोरडं राहायचं.

दिवाळीला मिलिंद येऊन गेला. विमान मुंबईहून होतं, म्हणून त्याला सोडायला आम्ही स्टेशनवर गेलो होतो. गाडी हलली, तेव्हा डब्याच्या दारात उभ्या मिलिंदने पिशवीतून पिवळं हेल्मेट काढून दाखवलं. "दादा, हे माझ्या टेबलावर ठेवणार!" तो ओरडला.

काका गाडीबरोबर धावत सुटले. मला वाटलं, मायेने.

"अरे गधेड्या, उद्या मी काय घालू? ठेकेदार पैसे कापेल!"

गाडी गेली. काका धापा टाकत परत आले, डोळे पुसले आणि म्हणाले, "जाऊ दे. पांढरं असतं तर नसतं नेऊ दिलं."