उंच गाडीतले काका

हाटकेशच्या नाक्यावर गॅरेज चालवणारे काका स्वतः जुनी स्कूटर दामटतात, पण वेड स्पोर्ट्स कारचं. त्यांच्या लाडक्या कंपनीने एसयूव्ही काढली तेव्हापासून चिडलेत. "चित्त्याला पोट सुटलंय," म्हणतात. मला त्या कंपनीशी देणंघेणं नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे, अशी पत्रकं मी वाटतो, आणि नेमकी तीच गाडी रोज फुटपाथवर चढलेली असते, भाजीवाल्या मावशींच्या टोपलीला खेटून.

काल मी गाडीच्या मालकाला हेच सुनावत होतो. तो सरळ काकांकडे वळला. "अंकल, आप बैठके बोलो. कूल आहे की नाही?"

काकांनी चपला बाहेर काढल्या आणि देवळात शिरावं तसे आत बसले. स्टिअरिंगवरून हळूच हात फिरवला. झालं, हेही त्याच्याच बाजूला गेले, असं मला वाटलं.

मग त्यांनी मान उंचावून समोर पाहिलं. "मावशी कुठे गेल्या?"

"इथंच हाय ना मी, तुझ्या नाकासमोर!" बॉनेटपलीकडून मावशी ओरडल्या.

काका मालकाला म्हणाले, "चावी दे."

त्या कंपनीची गाडी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात आली, आणि त्यांनी ती रिव्हर्स घेऊन फुटपाथवरून खाली उतरवली.