पुढची चाकं लहान

मी दुसरीपर्यंत शिकलो. पण बैलगाडीच्या चाकाच्या कामात मला कुणी शिकवायचं नाही, हा माझा हेका कतारला येऊनही सुटला नव्हता. मेसईदच्या वर्कशॉपात तेव्हा वर्ल्डकपची घाई होती. दोह्यातल्या एका हॉटेलाला जेवणघरात जुन्या काळची चार चाकांची अमेरिकन बैलगाडी उभी करायची होती. नमुना म्हणून शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा छापील कागद आला. पांढऱ्या कापडाच्या छपराच्या गाड्या, बैल, मावळतीकडं चाललेली माणसं, आणि छातीत बाण घुसलेला एकजण चाकाशी पडलेला.

चित्रात पुढची दोन चाकं लहान होती. मी म्हटलं, काढणाऱ्याला चाक जमलं नाही. चारी सारखीच केली.

फोरमन साताऱ्याकडचा, माझ्या मुलाच्या वयाचा. गाडी वेळेत लागली नाही तर त्याला घरी पाठवणार होते, हे त्यानं आधीच सांगितलं होतं. चाकं बघून तो भडकला.

"म्हातारबा, चित्रात आहे तसं करा."

"ज्यानं चित्र काढलं, त्यानं गाडी कधी हाकली होती का?"

त्यानं चाकाला लाथ घातली. माझ्या चाकाला मी बापालाही पाय लावू दिला नसता. हातातला लाकडी हातोडा त्याच्या तोंडावर बसला, दात पडला. त्यानं माझं डोकं टेबलावर आपटलं. रक्तानं डोळा मिटला. चौघांनी सोडवलं. दिवस उरले नव्हते, म्हणून गाडी तशीच ट्रकवर चढली.

हॉटेलच्या फाटकात 'यल्ला यल्ला', चला चला करत गड्यांनी ती वळवायला जोर लावला. पुढचं चाक गाडीच्या अंगाला अडकलं, चाकांमधला कणा उलटा झटकला आणि पुढची ओढायची दांडी फोरमनच्या मनगटावर आली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो मटकन खाली बसला आणि म्हणाला,

"आता तरी चित्र बघा, मिस्त्री."

बघितलं. लहान चाक वळताना गाडीच्या पोटाखाली शिरतं. आमच्या दोन चाकांच्या गाडीला ते कधी लागलंच नव्हतं.

माझं चुकलं, असं मी त्याला म्हणालो नाही. कुऱ्हाड मागितली आणि रखवालदारांसमोरच पुढची दोन्ही चाकं फोडली. आरे उडून माझ्याच नडग्या सोलत होते. वर्कशॉपचा साहेब आला, त्याला मोडक्या हिंदीत सांगितलं की ऐकलं नाही ते मी, फोरमनला घरी पाठवू नका.

लहान चाकं करायला साहेबानं हॉटेलाकडून आठवडा मागून घेतला, त्यानंतर मला परतीचं तिकीट. फोरमन राहिला. गाडी आत वळली तेव्हा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून तो दुसऱ्या हातानं ढकलत होता. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही.