सुंदरबाईंच्या कमरेची किल्ली

मंदाबाईंचे बिबडे, ज्वारीचे पापड, निम्मे थापून झाले होते. खाटेवर ओलं लुगडं अंथरलेलं, त्यावर चार रांगा उन्हाला लागलेल्या, आणि पातेल्यात ज्वारीचा घाटा अजून वाफाळत होता. घाटा गरम आहे तोवरच थापून घ्यावा लागतो. गार झाला की तो जावयासारखा ताठतो. नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून सुंदरबाईंची हाक आली.

"मंदे, व मंदे! ती बाई एष्टीमा बठनी का नही?"

मंदाबाईंचा हात तिथंच थांबला. होळीपासून म्हातारी रोज हेच विचारत होती.

मंदाबाई सातवी शिकलेल्या. धुळ्याच्या रस्त्यावरच्या या गावात लग्न होऊन आल्या, तेव्हा सासरी छापील कागद म्हणजे पंचांग आणि किराण्याची पुडी. पुडीतली साखर डब्यात ओतायची आणि कागद वाचून मग चुलीत घालायचा, अशी त्यांची शाळा पुढं चालू राहिली. एकादशी त्यांनी कधी मोडली नाही. दुपारी देवळाच्या ओसरीवर त्या पोथी वाचत. ऐकायला चार बाया, त्यातल्या दोघी पेंगणाऱ्या. एकदा पोथी लवकर संपली. घरी जाऊन भांडीच घासायची होती, म्हणून मंदाबाईंनी गावच्या वाचनालयातून आणलेली एक कादंबरी पिशवीतून काढली. दुसऱ्या दिवशी ओसरी भरली, आणि पेंगणाऱ्या दोघी सगळ्यांत पुढं.

सुंदरबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण त्या काठी टेकत सगळ्यांच्या आधी येत. कादंबरीतली बाई नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एके सकाळी पिशवी भरते आणि एसटी स्टँडवर येऊन उभी राहते. समोर गाडी लागते. मंदाबाईंनी तिथं खूण घातली, पुस्तक नूतनीकरणाला वाचनालयात नेलं, आणि ते तिथंच अडकलं.

कारण सुंदरबाईंचा मुलगा रुपचंद नाना वाचनालयाचा अध्यक्ष. नाना धुळ्याला कुणाचं तरी संस्कारांवरचं भाषण ऐकून आले आणि येताच त्यांनी तपासणी समिती नेमली. समितीनं पुस्तकं तपासली ती मुलगी बघायला गेल्यासारखी: चेहरा पाहिला, चहा प्याला, निर्णय दिला. कव्हरावर बाई एकटी दिसली की पुस्तक कपाटात. शेजारी नवरा उभा असला तर ती सुटली. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनाचं सरकारी पुस्तकसुद्धा नाव वाचूनच आत गेलं. कपाटाला नवं कुलूप लागलं.

मंदाबाई तेव्हाच नानांकडे गेल्या होत्या.

"नाना, त्या पुस्तकात वाईट काय आहे?"

"मंदाबाई, त्यात बाई घर सोडून जाते."

"जाते का? आम्ही तिथवर पोचलोच नाही. तुम्ही वाचलंत?"

"मी कशाला वाचू असलं?"

"मग जाते हे कुणी सांगितलं?"

"कव्हरावर पिशवी आहे ना तिच्या हातात!"

"बाजाराला निघाली असेल. अन् नाना, द्रौपदीनं भर सभेत पाच नवऱ्यांदेखत सगळ्यांना जाब विचारला, ते कीर्तन तर तुम्हीच लावता दरवर्षी."

"ते देवाधर्माचं आहे."

"मी पण देवाधर्माचीच आहे. कादंबरी वाचून माझा देव अजून तरी रुसला नाही."

नानांनी मोबाईल कानाला लावला. समोर कुणी बोलत नव्हतं, हे मंदाबाईंना दिसत होतं.

आज मात्र हाकेत निराळाच सूर होता. घाटा झाकून मंदाबाई पलीकडे गेल्या. सुंदरबाई ओट्यावर बसून कमरेच्या किल्ल्या चाचपत होत्या. त्या घरात रीतच तशी: कोठीची, पेटीची, गोठ्याची, कुठलीही किल्ली आली की ती मायच्या कमरेला. नाना अध्यक्ष झाले, आजोबा झाले, पण ही सवय सुटली नव्हती.

"मना काय भरोसा मंदे? आखाजी लगून ऱ्हास का नही. ती बाई तठेच उभी शे, अन् मी चालनू."

आखाजी, म्हणजे बायांनी नदीवर शिव्यांची गाणी गायची अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. मंदाबाईंची नजर जुन्या किल्ल्यांमधल्या एका चकचकीत किल्लीवर गेली.

"ही कशाची हो माय?"

"वाचनालयना कपाटनी. नाना बोलना, कोनले देऊ नको."

मग म्हातारीनं काठी उचलली.

"देऊ नको बोलना. मी देत नही. मीच येस."

वाचनालयात नाना पेपर वाचत बसले होते, शेजारी ग्रंथपाल पुनाभाऊ. मंदाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून सुंदरबाई सरळ कपाटापाशी गेल्या आणि चाचपडत किल्ली लावली.

"माय! हे काय?"

"तुना बाप व्हता तवय आखाजीले मी नदीवर शिव्या गाऊ, तू मन्ही मांडीवर बसीसन आयकस व्हता. काय बिघडनं तुनं? अध्यक्षच व्हयना ना!"

पुनाभाऊंनी हसू दाबायला खोकला काढला. नानांनी पेपर उंच धरला. तो उलटा होता.

मंदाबाईंनी एकेक पुस्तक बाहेर काढलं. गाईम्हशी होत्या, बाळंतिणीचा आहार होता. कादंबरी नव्हती.

"ती प्रेमराजभाऊंनी अभ्यासाला नेलीय," पुनाभाऊ म्हणाले. प्रेमराजभाऊ म्हणजे तपासणी समितीतले सगळ्यांत कडक सभासद. नानांनीच त्यांना फोन लावला आणि चुकून स्पीकरवर ठेवला.

"अहो नाना, ती होय... ज्योत्स्ना आखाजीला माहेरी गेली ना पाचोऱ्याला, तिनं नेली पिशवीत. म्हणे थोडीच पानं राहिलीत, मधे बोलू नका."

"बायकोला दिली? बंदीचं पुस्तक?"

"दिली कुठं! मी तपासतोय म्हटलं, तर तिनंच घेतली हातातून."

"मंग तिले विचार," सुंदरबाई फोनच्या दिशेनं ओरडल्या, आणि लगेच हात हलवू लागल्या, "नको, नको! असं सांगू नको. मंदा वाचीसन सांगी."

नानांनी फोन बंद केला. किल्ली परत मागायचं त्यांना सुचलं नाही. म्हातारीनं ती कमरेला खोचली होती, आणि तिथून किल्ली काढून घेण्याची हिंमत त्या घरात अजून कुणाची झालेली नाही.

मंदाबाई घरी आल्या तेव्हा घाट्याचा दगड झाला होता. तो त्यांनी म्हशीपुढं टाकला, वाळत आलेले बिबडे लुगड्यावरून सोडवले, आणि देवापुढं दिवा लावून हातपिशवी झटकून ठेवली.

उद्या सकाळच्या एसटीनं त्यांना पाचोऱ्याला जायचंय, ज्योत्स्नाकडून पुस्तक आणायला.