बरोबर कोण आलंय?

कोल्हारच्या दवाखान्यात डॉक्टर अंबिका पुणतांबेकरने बावीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता, "बरोबर कोण आलंय?" नाडी धरायच्या आधीच तिची नजर दाराकडे जायची. यात तिचं काही चुकत होतं असं कुणी म्हणणार नाही. आपल्याकडे आजार एकट्या माणसाचा नसतोच. साधं दुखणं असेल तर रोग्याला सांगायचं आणि वाईट असेल तर मुलाला नाहीतर दिराला व्हरांड्यात नेऊन सांगायचं. रोग्याला म्हणायचं, गोळ्या घ्या, बरं वाटेल. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण नगर-मनमाड रस्त्यावरच्या डॉक्टरांपैकी तो मोडणारा शोधावा लागेल. अंबिकाने तो स्वतःच्या नवऱ्याच्या बाबतीतही पाळला.

केदार शाळेत भूगोल शिकवायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. रिपोर्ट आला त्या दिवशी सासऱ्यांनी, नृसिंहअण्णांनी, अंबिकाला बाजूला घेतलं. अण्णा पुणतांब्याच्या शाळेत गणिताचे मास्तर होते, एकदा मांडलेलं उत्तर ते सहसा बदलत नसत. केदारला यातलं अक्षर कळता कामा नये, धसक्यानेच जाईल तो, असं त्यांनी बजावलं. अंबिकाने मान डोलावली. साडेचार महिने घरात अल्सर हाच शब्द चालला. शेवटच्या महिन्यात केदार दुखण्याने गादी मुठीत धरायचा, तेव्हा या डॉक्टर बायकोकडे त्याला द्यायला पुरेसं औषध नव्हतं आणि खरा शब्दही नव्हता.

त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि अंबिकाने जाहीर केलं की ती शिकायला विलायतेला जाणार. बऱ्या न होणाऱ्या माणसाला शेवटपर्यंत कसं सांभाळायचं, याचंही तिकडे वेगळं शिक्षण असतं. आपल्याकडेही आता कुठे कुठे आहे, पण एमडीच्या जागेसाठी पंचविशीतल्या पोरांशी टक्कर द्यायची, हे सत्तेचाळिसाव्या वर्षी तिच्या आवाक्यात नव्हतं. तिकडे निदान वय आडवं येत नाही, असं तिने वाचलं होतं. आधी दोन परीक्षा, मग तिथल्या हॉस्पिटलात साधी नोकरी, मग तीन वर्षं सर्वसाधारण आणि चार वर्षं खास प्रशिक्षण. सगळं सुरळीत झालं तरी तज्ज्ञ म्हणून नाव लागायला सत्तावन्न उजाडणार. गावाला हा विषय पुरला. या वयात माणसं गुडघ्यांची काळजी करतात, म्याडम दप्तर भरतायत, असं स्टँडवर बोललं गेलं. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांचं ब्लडप्रेशर तीच सांभाळत होती, म्हणून तोंडावर कुणी बोललं नाही.

लेखी परीक्षा तिने मुंबईला दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. दुसरी मँचेस्टरला. तिथे सोळा खोल्या, प्रत्येक खोलीत आठ मिनिटं आणि खोलीत रोग्याचं काम करणारा नट. त्याला तपासायचं, त्याच्याशी बोलायचं, परीक्षक कोपऱ्यात बसून गुण देणार. तयारीला कुणी मिळेना, तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे अण्णाच रोगी झाले. दुपारी दवाखाना आटोपला की ते मनगटावरचं घड्याळ टेबलावर ठेवून बसायचे. छातीत दुखणं छान वठवायचे, दम्यात तर खरेच धापा टाकायचे. पण वाईट बातमी सांगायचा सराव आला की त्यांना हटकून देवळात जायचं असायचं. अंबिकानेही कधी आग्रह धरला नाही.

मँचेस्टरच्या नवव्या खोलीत नेमका तोच प्रसंग निघाला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पोटाच्या तपासणीचा रिपोर्ट घ्यायला आलेला. खरं तर तो नट होता आणि त्याला काहीही झालेलं नव्हतं. अंबिकाने रिपोर्ट वाचला आणि तिची नजर दाराकडे गेली. बरोबर कोण आलंय, तिने इंग्रजीत विचारलं. तो म्हणाला, कोणी नाही, मला सांगा. ती म्हणाली, उद्या बायकोला नाहीतर भावाला घेऊन या, मग सविस्तर बोलू. कॅन्सर आहे का, त्याने सरळ विचारलं. अंबिकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की अजून तपासण्या बाकी आहेत, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. आठ मिनिटं संपल्याची घंटा झाली तेव्हा तिचा हात अजून त्याच्या खांद्यावरच होता. इतर काही खोल्यांतही ती जेमतेम होती, पण या खोलीने तिला बुडवलं. निकाल लागायच्या आधीच तिला तो ठाऊक होता.

परत आल्यावर तिने दुसऱ्यांदा अर्ज भरला, पण आता तिला पुस्तकांचा काही उपयोग वाटेना. जे बावीस वर्षं केलंच नाही ते आठ मिनिटांत कुठून यावं? त्याच महिन्यात बनुबाईचा रिपोर्ट आला.

बनुबाई प्रवरेकाठच्या वस्तीवरची, साठीची, वाळलेली पण काटक बाई. तिच्या दोन्ही नातवंडांचे ताप अंबिकानेच काढलेले. गर्भाशयाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. तिचा मुलगा हर्षल नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याचा सकाळीच फोन आला, "म्याडम, आईला काय बी सांगू नका. ती खचंल." अंबिका नेहमीप्रमाणे बरं म्हणाली. दुपारी बनुबाई समोर येऊन बसली, हर्षल दारात उभा. अंबिकाच्या तोंडून ठरलेला प्रश्न निघणार होता, तो तिने गिळला. तिने हर्षलला आत बसायला सांगितलं आणि बनुबाईलाच विचारलं, तुमच्या रिपोर्टात काय आहे ते तुम्हाला ऐकायचंय का. बनुबाईने मुलाकडे पाहिलं, मग अंबिकाकडे, आणि म्हणाली, "माझं हाय, तर मलाच सांगा की."

अंबिकाने सांगितलं. साध्या मराठीत, कॅन्सर हा शब्द न टाळता. दोनदा थांबावं लागलं, पण सांगितलं. हर्षल खुर्ची ढकलून बाहेर गेला. बनुबाईने पदर तोंडाला लावला आणि रडत राहिली. शेवटी म्हणाली की नसतं सांगितलं तर चार दिवस सुखाचं गेलं असतं. हे वाक्य अंबिकाला फार लागलं. शिक्षणाच्या नावाखाली आपण एका बाईची झोप घेतली, असं तिला मनापासून वाटलं. पुढचे आठ दिवस तिने अभ्यासाला हात लावला नाही. वस्तीवरून दवाखान्यात येणारी माणसंही कमी झाली, हर्षलने काय सांगितलं असेल ते उघड होतं.

नवव्या दिवशी बनुबाई एकटीच टेम्पोने आली. बाकावर बसून श्वास घेतला आणि विचारलं, "लई दुखंल का हो?"

केदारनेही कधीतरी हे विचारलं असतं, त्याला विचारायची सोय असती तर. अंबिकाने सांगितलं की हो, दुखेल, पण दुखू न द्यायची औषधं आहेत. मला त्यातलं थोडं येतं, बाकीचं शिकायलाच मी बाहेर जाणार आहे.

"तुमी शिकून येस्तोवर म्या न्हाई ऱ्हायची," बनुबाई म्हणाली. रागाने नाही, बस चुकणार हे सांगावं तसं. "जेवढं येतंय तेवढं आत्ताच करा."

मग अंबिकाने तेवढं केलं. पुण्याच्या एका हॉस्पिटलात फोन करून ती तिथल्या डॉक्टरांकडून मॉर्फिनचा हिशेब शिकली. त्या गोळ्या कोल्हारात मिळत नाहीत. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पुण्याला जायला हवं होतं. पहिल्यांदा ती स्वतः गेली. दुसऱ्यांदा हर्षल दारात येऊन उभा राहिला, नजर खाली ठेवून, आणि चिठ्ठी मागून घेतली. पुढे तोच जात राहिला. बनुबाईने या काळात लेकीला सासरहून बोलावून चार महिने ठेवून घेतलं, दोन म्हशी कुणाला द्यायच्या ते ठरवलं आणि माणसं रडायला लागली की त्यांना कामाला लावलं. माघात ती गेली. दुखलं नाही असं नाही, पण गादी मुठीत धरावी लागली नाही. अंबिका तिच्यासाठी रडली, आणि खरं सांगायचं तर केदारसाठीही तेव्हाच पोटभर रडली.

वैशाखात ती मँचेस्टरला गेली आणि पास झाली. श्रावण सरता सरता उत्तरेकडच्या एका हॉस्पिटलातून नोकरीचं पत्र आलं. खास प्रशिक्षणाचं दार अजून लांब होतं, पण आता ते दिसत होतं. राहिला होता एकच प्रश्न, अण्णांचा. नाशिकची नणंद त्यांना न्यायला तयार होती. अण्णा मात्र ना हो म्हणत, ना नाही. त्यांनी नको म्हटलं तर आपला पाय निघणार नाही, हे अंबिकाला पक्कं माहीत होतं.

एका दुपारी जेवण झाल्यावर अण्णा हात धुऊन पुन्हा पाटावर येऊन बसले. मग म्हणाले, "आपल्याला काय झालंय, ते केदारने तुला कधी विचारलं होतं का गं?"

पूर्वीही त्यांनी हे विचारलं होतं, आणि अंबिकाचं उत्तर ठरलेलं होतं. नाही अण्णा, त्याला कळलंच नाही, शांत गेला. त्या उत्तरावर म्हातारा चार वर्षं झोपत होता. अंबिका त्यांच्यासमोर खाली बसली.

"विचारलं होतं, अण्णा. दोनदा."

अण्णांनी डोळे मिटले. "काय म्हणालीस?"

"अल्सर आहे म्हणाले."

"त्याला पटलं?"

"नाही पटलं. दुसऱ्या वेळी त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. मग म्हणाला, बरं. त्यानंतर त्याने मला काहीच विचारलं नाही. साधं जेवायला काय आहे, हेसुद्धा नाही."

अण्णांच्या गालांवरून पाणी उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. अंबिका उठली नाही, समजूत घातली नाही. बसून राहिली. खूप वेळाने अण्णांनी तिचा हात शोधून धरला.

"मीच आडवा आलो," ते म्हणाले. "आत्ता मला सांगितलंस ना, तसं त्याला सांगायला हवं होतंस. जा तू."