अकरावं कार्ड

नव्वदच्या दशकात मी सुप्याला शाळेत शिकवत होते. एका दुपारी शेजारच्या काकू कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन आल्या. त्यांना एक निनावी कार्ड आलं होतं, त्यावर लिहिलेलं: सरकारी लस टोचलेल्या मुलींना पुढे मूल होत नाही. हे अकरा जणांना कळवा, नाहीतर घरात वाईट घडेल. काकूंना लिहिता येत नव्हतं.

"तुजं अक्षर छापल्यावानी हाय, बाई. दे लिहून."

"काकू, हे खोटं आहे."

"आसंना का! पन न्हाई धाडलं आन् काय झालं मंजी?"

वाद घालणं मला कधी जमलं नाही. मी लिहायला बसले. 'लस' या शब्दाखाली, फळ्यावर मारते तशी, सवयीने रेघही मारली. दहा पत्ते काकूंनी सांगितले. अकरावा त्यांना सुचेना.

"तुज्या भनीला टाक की."

टाकलं. धाकटी बहीण बेलापूरला दिलेली, तिची मुलगी आठ महिन्यांची. वाचून हसेल, असं वाटलं. खाली नाव घातलं नाही. असल्या कार्डांवर नाव नसतंच.

पुढे चारेक महिन्यांनी तार आली. मुलगी गोवराने गेली होती.

मी पोचले तेव्हा गोवरासाठी दारावर बांधलेला कडुलिंबाचा डहाळा सुकला होता. ओट्यावर बायका दोन टोकांना बसलेल्या, पोरांना लस दिलेल्या इकडे, न दिलेल्या तिकडे. त्या गल्लीत महिनोन् महिने एकमेकींकडचं हळदीकुंकूही बंद होतं, हे मला नंतर कळलं.

बहिणीने देव्हाऱ्यामागून कार्ड काढलं. रेघ मला लांबूनच दिसली.

"नाव नव्हतं, पन अक्षर वळखलं मी," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीला दाखवलं. म्हटलं, माझी ताई शिकलेली हाय, ती उगा लिहायची न्हाई. नर्सबाई दोनदा आली हुती. दोनदा परत लावली."

काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडून निघालं ते हे:

"मला ते खरं वाटलं नव्हतं गं."

ती रडायची थांबली. तिने कार्ड माझ्यापुढे धरलं.

"मग लिहिलंस कशाला?"

काकूंना नाही म्हणवलं नाही, एवढंच उत्तर होतं.