डोकी मांजराला घातली

आमच्या बेटावर लेमुएल ग्रँटला सगळे पागवाला म्हणतात. पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं. ते तो स्वतः विणायचा आणि एक कड दातांत धरून खाडीत असं भिरकावायचा, की पाण्यावर ताटासारखं गोल पडायचं. पन्नास वर्षांत आपल्या घरात दुकानची कोळंबी शिरली नाही, हे तो चर्चच्या पायरीवर सांगायचा, पोस्टात सांगायचा, मयतीला गेला तरी सांगायचा.

बायको गेल्यापासून शनिवारचं जेवण तो स्वतः रांधतो. जेवायला दोघी: त्याची थोरली बहीण इडेला आणि शेजारीण म्हणून मी. त्याची चारही मुलं माझ्या वर्गात होती, म्हणून मी त्याची 'बाई'.

त्या शनिवारी मक्याच्या कण्या नेहमीसारख्याच होत्या, तासभर ढवळून मऊ केलेल्या, वर लोणी. त्यावर कांदा आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या तुकड्यांत परतलेली कोळंबी आणि तिचा रस्सा. लेमुएलने डोळे मिटले. "देवा, आज पहाटे खाडीने जे दिलं, त्याबद्दल तुझे आभार."

पहिल्याच घासाला मला कळलं. रस्सा पाणचट होता आणि कोळंबी रबरासारखी. तरी मी म्हणाले, "लेमुएल, खाडीची चव काही वेगळीच!"

तो हसला नाही.

इडेलाने पिशवीतून बरणी काढली. कोळंबीची डोकी उकळून रस्सा करायचा आणि उरलेलं पाणी तिने रविवारच्या भेंडीच्या सारासाठी न्यायचं, हा त्या घरचा जुना शिरस्ता.

"डोक्यांचं पाणी कुठाय रे?"

"नाहीये. डोकी मांजराला घातली."

इडेलाचा बरणीचा हात हवेतच राहिला. आमच्याकडे डोकी कुणी मांजराला घालत नाही.

"मांजराला? आई असती तर तुलाही मांजराशेजारी जेवायला बसवलं असतं!" तिने ओसरीकडे पाहिलं. खिळ्यावर जाळं लटकत होतं. "आणि हे खडखडीत कोरडं कसं? पहाटे खाडीत पाणी नव्हतं वाटतं?"

लेमुएलने उजवा हात उचलून दाखवला. छातीपर्यंत आला आणि थांबला.

"खांदा वर जात नाही, ताई. पुलापलीकडच्या दुकानातून आणली. बर्फातली. बिनडोक्याची."

"म्हणजे गेल्या शनिवारी ताप आला म्हणून जेवण रद्द केलंस, तो ताप हाच?"

"हाच."

"आणि वर देवाला खाडीचं नाव सांगितलंस!"

त्याने चमचा ताटात ठेवला.

"त्याला ठाऊक होतं रे," इडेला जरा हळू म्हणाली. "दुकानाच्या रांगेत तुझ्या मागेच उभा असणार तो."

लेमुएलने पुन्हा हात जोडले. "देवा, कोळंबी दुकानची आहे. आभार." आम्ही आमेन म्हटलं.

मग तो माझ्याकडे वळला. "बाई, तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच घासाला."

"मग खाडीची चव म्हणालात, ते?"

एकतीस वर्षं मी मुलांच्या नुसत्या चेहऱ्यावरून शेजाऱ्याची बघून उतरवलेली गणितं ओळखली. त्यांना बाकाजवळ उभं करून अगदी असंच विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत थांबले. लेमुएलही थांबला होता.

"खा गं, गार होतंय," इडेला म्हणाली.

कण्या घट्ट होत चालल्या होत्या. मी त्या चमच्याने उगाच ढवळत राहिले.