परचेसच्या बाई आणि तीन रिळं

“चल पोरी, मासा हो,” असं म्हणत आमच्या परचेसच्या बाई माझ्या पट्ट्याला दोर बांधायच्या आणि मी दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामाच्या अंगणात धावत सुटायचे.

तुम्ही त्या वेळी रस्त्याने जात असतात, तर थांबून पाहिलंच असतं. पुढे मी पळतेय, मागे पन्नाशीच्या बाई, हातात गळाची लांबलचक काठी, आणि काठीच्या बुडाशी बसवलेलं रीळ कुर्रर्र करत सुटतंय. बाईंचं लक्ष माझ्याकडे नाहीच, सगळा जीव कानात, रिळाचा आवाज पारखण्यात. आता दम, आता उसळी मार, अशा सूचना मागून यायच्या. ऑफिसात प्रत्येक जण कधी ना कधी मासा झाला होता. अकाउंट्सचे मल्याळी साहेब फार आळशी मासा निघाले, हे बाईंनी सगळ्या मजल्याला सांगितलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ती माझी पहिली नोकरी. कंपनी खेळाचं सामान विकायची. बाई मूळच्या वसईच्या, राहायला अल कुसैसला, रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या. क्रिकेटचे पॅड आणि बॅडमिंटनची फुलं मागवता मागवता एका स्कॉटिश गिऱ्हाइकाने त्यांना स्पे फिशिंगचं वेड लावलं. म्हणजे दोन्ही हातांनी काठी धरायची, मोठ्या नदीत दोर लांब फेकायचा, टोकाला पिसांची खोटी माशी, आणि लागलाच तर सॅल्मन मासा. दुबईतले कितीतरी गोरे इंजिनियर सुट्टीत मायदेशी जाऊन हेच करायचे, आणि जाण्याआधी आमच्या दुकानात यायचे.

त्यांना जुन्या पद्धतीचं रीळ हवं असायचं. आत एक दातेरी चाक, त्याला टेकलेली स्प्रिंगवरची इवलीशी खिटी. ब्रेक म्हणून एवढंच. मासा जोरात पळाला की बाकीचं काम तळहाताचं. अशा एका रिळाची किंमत मी मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली आणि ते पटकन दोन्ही हातांनी धरलं.

शेठना हे वेड पटत नव्हतं. गुळगुळीत ब्रेकची नवी रिळं निघालेली असताना नुसत्या कुरकुरीसाठी कोण पैसे देईल, असं त्यांचं म्हणणं. या हंगामात एकच रीळ निवडा, ते चाललं नाही तर तुमचा विभाग खलास, तिथे ट्रेडमिल लावू, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं. बाईंनी त्या विभागात किती वर्षं घातली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. 

“शेठ, शुक्रवारी सुट्टीला समुद्रावर चला,” बाई म्हणाल्या.

आणि शेठ आले, चकचकीत बूट घालून, खोर फक्कानच्या वाळूत. बाईंनी निवडीतली शेवटची तीन रिळं टॉवेलवर मांडली होती. पहिलं चांदीसारखं देखणं, पण जोराचा झटका दिला की चाक दोरापेक्षा पुढे धावायचं आणि आत गुंता. दुसऱ्याचा आवाज इतका मोठा की शेजारी पोहणारं कुटुंब वळून बघायला लागलं. खिटी मात्र मऊ, दोर भसाभस सुटायचा. तिसरं काळं, साधं. दोर आत घेताना हलकं टिकटिकायचं, बाहेर जाताना दात धरून बसायचं. बाईंनी ते काठीला लावलं, पाण्यात गुडघाभर शिरल्या आणि दोर फेकला.

चौथ्या-पाचव्या फेकीला दोर ताणला गेला आणि ते रीळ किंचाळलं. मी आजवर जितकी पळाले होते ते सगळं त्यापुढे लुटुपुटूचं. बाईंनी तळहात चाकाच्या कडेला लावला, उलटी फिरणारी मूठ बोटांवर आदळली, पेरं सोलवटलं, आणि बाई हसत होत्या. दागोळ, दागोळ, असं माशाचं नाव पुटपुटत होत्या. लांबवर एक चंदेरी मासा अख्खाच्या अख्खा हवेत उडाला.

मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्या मागे वळल्या आणि काठी शेठच्या छातीला टेकवली.

“धरा. आता तुम्ही ऐका.”

शेठ बुटांसकट पाण्यात उतरले. मासा पळाला की रीळ गात सुटायचं, दमला की टिकटिक करत दोर परत यायचा. शेठ कधी अरबीत यल्ला, चल चल म्हणत, कधी देवाचं नाव घेत. बाई त्यांच्या कोपराशी उभ्या राहून हलक्या आवाजात सांगत होत्या, आता सोडा, आता घ्या. शेवटी मासा उथळ पाण्यात आला. बाईंनी गळ काढला आणि शेठनी तो मासा स्वतःच्या हातांनी सोडून दिला. 

“इसी का ऑर्डर भेजो,” ते म्हणाले.

बाईंनी पिण्याच्या पाण्याची बाटली त्या रिळावर ओतली. मीठ आधी धुवायचं, आनंद नंतर, असं म्हणाल्या. 

ती रिळं चालली. पुढची काही वर्षं विभाग तसाच राहिला, ट्रेडमिल शेजारच्या हॉलमध्ये गेल्या. मग बाईंचे कॅनडाचे कागद झाले. भाऊ तिकडे होता. तिथल्या नद्यांविषयी त्या इतकं बोलायच्या की भावाचं नाव आम्हाला कधी नीट कळलंच नाही.

एअरपोर्टवर आम्ही सगळे पोचवायला गेलो. ट्रॉलीत दोन बॅगा, खांद्याला काठीची लांब नळी. मला जवळ घेताना ती माझ्या कानावर आपटली. आत गेल्यावर गर्दीत ठेंगण्या बाई दिसेनाशा झाल्या, नळीचं टोक तेवढं डोक्यांवरून पुढे सरकत होतं. एका जागी ते थांबलं. लोक किंचित बाजूला झाले, आणि पासपोर्टच्या रांगेत मागच्या कुणा अनोळखी माणसाला दोन्ही हात पसरून काहीतरी सांगत असलेल्या बाई दिसल्या. रांग पुढे गेली होती. त्यांचं सांगणं संपलं नव्हतं.